टकवेलांच्या कमरेतली उसण

ॲम्ब्रोज टकवेल वाकले ते एका पांढऱ्या रेशमी फितीसाठी. मेलबर्नपासून लांब, खाणींच्या मुलखातल्या यारागंडी गावात, मुख्य रस्त्यावर त्यांचं टोप्यांचं दुकान. एकुलत्या एका मुलीचं, ऑगस्टाचं, लग्न तोंडावर आलेलं. लग्न लागल्यावर सासरी जाताना तिने घालायची टोपी टकवेल स्वतःच्या हाताने सजवत होते, आणि तेवढ्यात फीत घरंगळत टेबलाखाली गेली. ते उचलायला वाकले. कमरेत वाळकी काटकी मोडावी तसा आवाज झाला, आणि टकवेल जिथे होते तिथेच राहिले.

"लेटी," ते जमिनीला उद्देशून म्हणाले, "जरा इकडे ये."

लेटिशियाबाई आल्या. नवरा टेबलाखाली डोकं घालून काय शोधतोय हे त्यांनी थोडा वेळ पाहिलं.

"सापडलं का?"

"सापडलं."

"मग उठा की."

"तेच तर जमत नाहीये!"

उसण भरली होती. साधीसुधी नाही, टकवेलांची नजर आपोआप स्वतःच्या बुटांवर जावी आणि तिथून हलू नये अशी. दुसरा कुणी असता तर अंथरुणात पडून राहिला असता. पण टोप्या विकणाऱ्या माणसाने लग्नाच्या हंगामात दुकान बंद ठेवलं तर गिऱ्हाईक सरळ खालच्या आळीत जातं. तेव्हा टकवेल तशाच काटकोनात दुकानात उभे राहू लागले. गिऱ्हाइकाच्या डोक्याचा धंदा, आणि दिसतात फक्त पाय. बुटांवरून ते डोक्याचा अंदाज करू लागले, आणि खाणीवरच्या एका दांडग्या माणसाला त्यांनी पाळण्यातल्या बाळाला बसेल अशी टोपी दिली. त्या बिचाऱ्याने बायकोचे बूट घातले होते, यात टकवेलांचा काय दोष?

खरी पंचाईत वेगळीच होती. ऑगस्टाचा हात धरून तिला चर्चमध्ये वेदीपर्यंत न्यायचं होतं. अख्खं गाव बघणार. बापाने लेकीला असं न्यायचं, की लेकीने बापाला काठीसारखं टेकू देत न्यायचं?

"पप्पा, तुम्ही कसेही चाला," ऑगस्टा म्हणाली, "मी हळू चालेन."

हे ऐकून टकवेलांना इतकं भरून आलं, की त्यांनी डोळे पुसायला रुमाल काढला. तो हातातून पडला. तो उचलायला त्यांना वाकावं लागलं नाही, एवढाच काय तो फायदा.

आता औषधाचा प्रश्न खरं म्हणजे यायलाच नको होता. टकवेलांचे होणारे व्याही, कॉर्नेलियस प्लम्ट्री, हे यारागंडीचे औषधविक्रेते. त्यांच्या दुकानाच्या काचेत लाल आणि हिरव्या पाण्याचे मोठे बाटले, आणि त्यांच्यामध्ये डब्यांचा मनोरा: 'प्लम्ट्री यांचे सुवर्ण मलम'. पाठ, गुडघे, दातदुखी, घोड्याच्या टाचा आणि निरुत्साह यांवर रामबाण. प्लम्ट्री स्वतः ताठ, उंच गृहस्थ. कल्ल्यांना तेल लावलेलं, आवाज उपदेश करतानाचा, आणि कुणी त्यांच्या मलमाबद्दल शंका घेतली तर त्या माणसाशी ते वर्षभर बोलत नसत.

ते स्वतः डबा घेऊन आले. स्वतःच्या हाताने टकवेलांच्या कमरेला मलम चोळलं. त्यात काय होतं हे प्लम्ट्रींनी कधी कुणाला सांगितलं नाही, पण मेंढीची चरबी, टर्पेंटाइन आणि कापूर ही मंडळी आत असल्याचं नाकाला लगेच कळे. बाकीच्या मंडळींची ओळख नाकाला नको असे.

"कसं वाटतंय, व्याही?" प्लम्ट्रींनी विचारलं.

"गरम," टकवेल म्हणाले.

"काम करतंय! सकाळी उठाल ते भाल्यासारखे!"

सकाळी टकवेल उठले ते विळ्यासारखेच. फरक इतकाच, की दुकानातल्या सगळ्या टोप्यांना मलमाचा वास लागला, आणि छपरावर रोज भांडणारे मॅगपाय पक्षी घर सोडून समोरच्या बँकेवर राहायला गेले.

"त्यांना सांगा ना, उपयोग नाही म्हणून," लेटिशियाबाई म्हणाल्या.

"वेडी आहेस का? मुलीचं लग्न आहे! माझी पाठ मोडली तर चालेल, त्यांचं मन मोडून चालणार नाही."

म्हणून प्लम्ट्री भेटले की टकवेल "पुष्कळ उतार आहे" म्हणायचे, आणि ते वळले की भिंत धरायचे. रस्त्यात लांबून ते चमकते काळे बूट येताना दिसले, की मान जितकी वर होईल तितकी करून हसायचे. त्या हसण्याने दोन अनोळखी बायका आणि एक पाद्री घाबरले, कारण यारागंडीत चमकते काळे बूट घालणारे प्लम्ट्री एकटेच नव्हते.

शेजारच्या पाववाल्या मिसेस गजन यांना हे सहन होईना. त्या विधवा, धिप्पाड, आणि दुसऱ्याच्या दुखण्यावर मनापासून प्रेम करणाऱ्या. भट्टीत तापवलेल्या कोंड्याने भरलेला लोकरी मोजा घेऊन त्या थेट माजघरात आल्या.

"पालथे पडा," त्या म्हणाल्या.

"मिसेस गजन, मी विवाहित गृहस्थ आहे."

"ते मला माहीत आहे हो! तुमच्या लग्नाचा केक मीच केला होता. पडा पालथे!"

कोंड्याचा मोजा कमरेवर पडला तेव्हा टकवेलांनी जो आवाज काढला, तो ऐकून रस्त्यापलीकडून फर्गस डूलन धावत आला. डूलन आयरिश. दारूच्या कारखान्यासाठी पिंपं बनवायचा त्याचा धंदा, आणि टकवेल गावच्या दारूबंदी मंडळाचे कार्यवाह; त्यामुळे दोघांची ओळख रस्त्याच्या दोन बाजूंनी एकमेकांना टोपी उचलण्यापुरतीच.

"कोण मेलं?" डूलनने विचारलं.

"कुणी नाही. शेक घेतोय," टकवेल उशीतून म्हणाले.

"असला शेक? अहो साहेब, हा पाव भाजल्यासारखा वरवर शेक झाला. उसण असते खोल, हाडात. तिला वाफ पाहिजे, वाफ! निलगिरीचा पाला उकळायचा, वाफ पिंपात सोडायची, माणूस पिंपात बसवायचा. नुसतं डोकं बाहेर. माझा बाप असाच बरा झाला."

"तुमच्या वडिलांना उसण होती?"

"नाही, गुडघा होता. पण होता खोल."

टकवेलांनी विचार केला. परसात हे करता येईल, उंच कुंपणाआड. प्लम्ट्रींना कळणार नाही. फक्त एक पिंप, एक नळी आणि लेटिशियाबाईंचा कपडे उकळायचा तांब्याचा हंडा. छोटंसं काम.

"माझा हंडा?" लेटिशियाबाई म्हणाल्या. "आणि पाहुण्यांच्या चादरी मी कशात उकळू?"

"तुमच्या चादरींचीही वाफ त्यांना लागेल की, बाई," डूलन म्हणाला. "फुकटात दोन कामं."

त्याच्याकडे बघत लेटिशियाबाईंनी नुसती पदर खोचल्यासारखी एप्रनची गाठ आवळली. डूलन पिंप आणायला गेला.

पिंप आलं ते दुपारी, भर बाजारातून, घरंगळत. 'हा माल टकवेलांकडे?' असं ज्याने त्याने विचारलं आणि डूलनने ज्याला त्याला 'हो, खाजगी आहे,' असं सांगितलं. त्यामुळे संध्याकाळपर्यंत दारूबंदी मंडळाच्या कार्यवाहांकडे बियरचं अख्खं पिंप गेल्याची बातमी नदीपलीकडच्या खाणींपर्यंत पोचली. पिंप रिकामं होतं खरं, पण वर्षानुवर्षं त्यात जे राहिलं होतं त्याची आठवण त्याच्या लाकडात मुरलेली होती.

आता इथे मिसेस गजन यांनी खोडा घातला. आपला कोंडा सोडून डूलनचा उपाय निवडला गेला हे त्यांना लागलं होतं. "करा, करा," त्या कुंपणावरून म्हणाल्या. "पण नगरपालिकेची परवानगी घेतली का? धूर माझ्या भट्टीकडे येणार. माझ्या पावाला निलगिरीचा वास लागला तर?"

टकवेल कायदा मानणारे. डूलन नको नको म्हणत असताना ते वाकत वाकत नगरपालिकेत गेले, आणि उपद्रव निरीक्षक थ्रॉसेल यांच्या टेबलापुढे उभे राहिले. गावातल्या उपद्रवांवर नजर ठेवणं हे या अधिकाऱ्याचं काम. गावाने त्या पदवीचा अर्थ वेगळा लावला होता, पण तो त्यांच्यासमोर कुणी बोलत नसे.

थ्रॉसेल यांना समोर टेबलाच्या कडेवर फक्त टकवेलांचं टक्कल दिसत होतं. ते टकलाशी बोलले.

"वाफ म्हणजे बॉयलर. बॉयलरला मेलबर्नहून इंजिनिअर यावा लागतो."

"बॉयलर नाही हो. माझ्या बायकोचा हंडा आहे."

"मग धोबीखाना. धोबीखान्याला गटार पाहिजे."

"कपडे नाही धुवायचे. मी आत बसणार."

"म्हणजे स्नानगृह. स्त्रियांना आणि पुरुषांना वेगळी दारं आहेत?"

"पिंपाला दारच नाही! साधं पिंप आहे, साहेब."

"रिकामं?"

"त्यात मी असेन ना."

थ्रॉसेल यांचा चेहरा उजळला. "मग साठवणूक! असं आधी सांगायचं. माल टिकाऊ की नाशवंत?"

एका इज्जतदार व्यापाऱ्यावर सरकार दरबारी असं सांगायची वेळ यावी, याचं त्यांना फार वाईट वाटलं.

"नाशवंत," ते शेवटी म्हणाले.

"मग जागा पाहावी लागेल. येऊ आम्ही."

कधी ते थ्रॉसेल यांनी सांगितलं नाही. लग्न मात्र कुणासाठी थांबणार नव्हतं. आदल्या दिवशी सकाळीच डूलनने हंड्याखाली जाळ केला. परसात निलगिरीचा हिरवा, तिखट वास दरवळला. टकवेलांनी लेटिशियाबाईंचा लांब फ्लॅनेलचा रात्रीचा झगा घातला, कारण स्वतःचे सगळे कपडे लग्नासाठी इस्त्री करून ठेवले होते आणि त्यांना हात लावायची टकवेलांना बंदी होती. डूलनने आणि ऑगस्टाने धरून त्यांना पिंपात उतरवलं, आत स्टुलावर बसवलं. मानेपुरतं भोक पाडलेलं दोन फळ्यांचं झाकण वर बसवलं आणि कडी लावली. ऑगस्टाने हंड्यात एका छोट्या बाटलीतलं काहीतरी ओतलं.

"काय गं ते?"

"तेल आहे, पप्पा. चांगलं असतं."

वाफ आत शिरली. आधी टकवेल ओरडले. मग कण्हले. मग गप्प झाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर एक असा भाव पसरला, की लेटिशियाबाईंना लग्नानंतरचे पहिले काही दिवस आठवले आणि त्या उगाच चादरी झटकू लागल्या.

"डूलन," टकवेल हळूच म्हणाले, "तुमच्या वडिलांचा गुडघा फार थोर होता हो."

आणि तेवढ्यात पुढच्या दारातून आवाज आला, "व्याही आहेत का घरात?"

प्लम्ट्री! लग्नाआधी शेवटचं मलम चोळायला आलेले. बाहेर काढायला वेळ नव्हता. कडी उघडेना, डूलनची बोटं भाजली. लेटिशियाबाईंनी दुकानातला सगळ्यात मोठा टोपीचा खोका उचलला आणि नवऱ्याच्या डोक्यावर पालथा घातला. डूलन लाकडं फोडू लागला. सगळं अगदी साहजिक दिसू लागलं, फक्त पिंपावरचा खोका धापा टाकत होता.

"व्याही कुठे आहेत?" प्लम्ट्री परसात आले.

"बाहेर गेलेत," लेटिशियाबाई म्हणाल्या.

"चालत? पाहिलंत! माझ्या मलमाने!" प्लम्ट्री पिंपाला टेकले. खोलवर श्वास घेतला. "चादरी उकळताय वाटतं. काय सुरेख वास येतोय." मग त्यांचा आवाज एकदम खाली आला. "टकवेलबाई, एक सांगू? रात्रभर डोळा लागला नाही. म्हटलं, मलमाने गुण आला नाही आणि हा भला माणूस मला वाईट वाटू नये म्हणून खोटं बोलत असला तर? उद्या त्या पोरीसमोर मी तोंड कसं दाखवू?"

खोक्याच्या आत टकवेलांना हे सगळं ऐकू येत होतं. घामाने डोळे चरचरत होते. आता आतूनच हाक मारावी, सगळं सांगून टाकावं, असं त्यांना तीव्रतेने वाटलं. त्यांनी तोंड उघडलंही. पण फाटक धाडकन उघडलं.

उपद्रव निरीक्षक थ्रॉसेल आले होते, आणि बरोबर हवालदार. त्यांच्यामागे, कुंपणाच्या पलीकडे, अर्धं यारागंडी.

"कुणी हलायचं नाही!" थ्रॉसेल ओरडले. "तांब्याचा हंडा, नळी, दारूचं पिंप! परवानगी मागितली साठवणुकीची, आणि चालवलाय काय? चोरटी दारू गाळताय! दारूबंदी मंडळाचा कार्यवाह!"

"ते पिंप माझं आहे," डूलन म्हणाला.

"धूर माझ्या भट्टीत येतोय," मिसेस गजन कुंपणावरून म्हणाल्या. "पण दारू नाही हो ती! मी गेली कित्येक वर्षं त्यांना ओळखते. हा माणूस फळांच्या केकमधली ब्रँडीसुद्धा बाजूला काढतो!"

"पुरावा आत आहे," थ्रॉसेल म्हणाले आणि त्यांनी खोका उचलला.

आत बीटासारखं लाल झालेलं टकवेलांचं डोकं. वाफेचा लोट. कुंपणावरच्या बायका किंचाळल्या. थ्रॉसेल मागे सरकले ते हंड्यावर आपटले. आणि चोरटी दारू गाळणारा म्हणून आपल्याला भर गावात पकडलंय, हे कळताच टकवेलांच्या अंगात असा संताप उसळला, की ते ओरडले, "काय म्हणालात?" आणि ताडकन उभे राहिले.

कडी तुटली. फळ्यांचं झाकण गळ्यात एखाद्या राणीच्या कॉलरसारखं अडकलेलं, खाली लेटिशियाबाईंचा चिंब झगा, त्याला लेसची झालर. पण टकवेल सरळ उभे होते. भाल्यासारखे. कित्येक दिवसांनी त्यांना आभाळ दिसलं, छपरं दिसली, बँकेवरचे मॅगपाय दिसले. आणि अगदी समोर, हातात मलमाचा डबा घेतलेल्या प्लम्ट्रींचा चेहरा दिसला.



"तर हे असं आहे," प्लम्ट्री म्हणाले. त्यांचे कल्ले थरथरत होते. "मलमाने नाही. पिंपाने."

"व्याही, ऐका—"

"मी सांगते, कोंड्याने!" मिसेस गजन कुंपणावरून ओरडल्या. "कोंडा उशिरा गुण देतो!"

"वाफ आहे ती, बाई!" डूलन म्हणाला.

"धक्का बसला म्हणून सरळ झाले," थ्रॉसेल कोट झटकत म्हणाले. "नगरपालिकेचा धक्का. हे श्रेय सरकारचं आहे."

"गप्प बसा सगळे!" टकवेल ओरडले. सरळ उभं राहून ओरडण्यात काय मजा असते हे ते विसरलेच होते. "पाठ माझी आहे! प्लम्ट्री, मी तुमच्याशी खोटं बोललो. तुमच्या मलमाने मला काडीचाही गुण आला नाही, आणि ते मी तुम्हाला सांगितलं नाही. कारण तुम्ही रोज आपलं दुकान टाकून यायचात आणि स्वतःच्या हाताने माझी पाठ चोळायचात. असा माणूस मला व्याही म्हणून हवा होता. आता तुम्हाला लग्न मोडायचं असेल तर मोडा, पण पोरांचा त्यात काही दोष नाही."

प्लम्ट्रींनी हातातल्या डब्याकडे पाहिलं. काही बोलण्याआधीच गर्दीतून त्यांचा पर्सिव्हल, म्हणजे नवरा मुलगा, वाट काढत पुढे आला. ऑगस्टाच्या हातातली छोटी बाटली त्याने घेतली आणि बापासमोर धरली.

"बाबा, हंड्यात हे ओतलंय. निलगिरीचं तेल. आपल्याच दुकानातलं. मीच ऑगस्टाला दिलं."

प्लम्ट्रींनी बाटली फिरवून चिठ्ठी वाचली. पुन्हा वाचली. मग त्यांची मान सावकाश वर झाली, छाती पुढे आली आणि उपदेश करतानाचा तो आवाज परतला.

"म्हणजे माझ्याच औषधाने बरे झाले की! मी तरी म्हणत होतो, वास ओळखीचा कसा!"

कुंपणापलीकडे टाळ्या पडल्या. डूलनने तोंड उघडलं. लेटिशियाबाईंनी पाहुण्यांसाठी आणून ठेवलेल्या केकचा तुकडा त्याच्या तोंडात कोंबला. थ्रॉसेल यांनी पिंपाची पुन्हा तपासणी केली, आत दारू नाही याची दुःखाने खात्री करून घेतली, आणि एवढी गर्दी जमली आहे तेव्हा हे 'सार्वजनिक करमणुकीचं ठिकाण' आहे असं ठरवून परवानगी देऊन टाकली. टकवेलांनी हरकत घेतली नाही. झग्यात उभं राहून हरकत घेता येत नाही.

लग्न फार छान लागलं. टकवेल लेकीचा हात धरून असे चालले, की पाहणाऱ्यांना वाटलं, यांची उंची वाढली. ऑगस्टा मात्र सवयीने हळू चालत होती, तेव्हा त्यांनीच तिला कानात सांगितलं, "चल गं जरा भरभर, मला दिसतंय सगळं!"

टकवेलांच्या घरी जेवणं झाली आणि व्हायोलिन सुरू झालं. भर दुपारच्या उन्हात, रस्त्यावरच, लोक नाचू लागले. प्लम्ट्री तर बहरात होते. त्यांनी मिसेस गजन यांना नाचायला ओढलं, एक गिरकी घेतली, दुसरी घेतली, आणि तिसरीत त्यांच्या कमरेत वाळकी काटकी मोडावी तसा आवाज झाला. ते जिथे होते तिथेच राहिले, नजर बुटांवर.

सगळे धावले. पर्सिव्हल दुकानातून मलमाचा डबा घेऊन आला.

"ते नको," प्लम्ट्री घाईघाईने म्हणाले. "त्याला... वास येतो रे." मग त्यांनी शेजारचे बूट चाचपून पाहिले, ते व्याह्यांचेच आहेत याची खात्री केली, आणि खालच्या आवाजात विचारलं, "टकवेल, हंडा तापलेला आहे का हो?"

लेटिशियाबाईंनी चादरींसाठी तापवलेला होता. डूलनने झाकणाची कडी दुरुस्त केली होती. लग्नाच्या कोटावर एप्रन बांधून टकवेलांनी स्वतः जाळ सारला, नळी जोडली, व्याह्यांना आत बसवलं. थोड्या वेळाने प्लम्ट्रींच्या चेहऱ्यावर तो भाव पसरला. रस्त्यावर व्हायोलिन वाजत होतं, लोक गात होते, आणि मिसेस गजन केकची ताटली घेऊन परसात आल्या.

"हात आत आहेत हो माझे," प्लम्ट्री केविलवाणे म्हणाले.

टकवेलांनी ताटली घेतली. केकचा एक मोठा तुकडा काट्याला लावला, ज्यावर साखरेचा थर सगळ्यात जाड होता तो, आणि पिंपापुढे खाली वाकले. सहज वाकले.

"आ करा, व्याही," ते म्हणाले.